पोर्टल सगळ्यांसाठी खुले आहे म्हणे!

ऑनलाइन शिक्षणाने सगळ्यांना समान संधी दिली, हे वाक्य आता इतक्या वेळा कानावर पडते की आपल्यातलेही काही लोक ते खरे मानू लागले आहेत. महाविद्यालयांच्या माहितीपत्रकात ते असते, कुलगुरूंच्या भाषणात असते आणि हल्ली आपल्या जयंतीच्या व्याख्यानमालेतही असते. कोणताही विषय, कोणताही विद्यार्थी, कुठूनही आणि फुकट. मग वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमधली पोरे याचा फायदा का घेत नाहीत, असा प्रश्न येतो. उत्तर आधीच तयार असते: पोरांनाच शिकायचे नाही, त्यांना रील बघायच्या आहेत.

आम्हाला हे मान्य नाही. आम्ही काही कार्यकर्ते विहारात बसून पदवीच्या मुलामुलींना विद्यापीठाचे ऑनलाइन अभ्यासक्रम वापरायला शिकवतो. रोज जे दिसते त्यावरून आमचे म्हणणे असे आहे की, पोर्टल खुले असणे आणि तिथून शिकता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोन्हींच्या मधल्या जागेतच आपली मुले गळतात. ती जागा भरून काढणे ही कुणाची मेहरबानी नाही. ती महाविद्यालयाची जबाबदारी आहे आणि ती वसूल करणे हे चळवळीचे काम आहे.

आधी हा प्रकार किती गंभीर आहे ते समजून घ्या. केंद्र सरकारचे 'स्वयम्' पोर्टल ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. तेव्हा ते हौसेने शिकणाऱ्यांसाठी वाटत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमानुसार एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून शिकता येत होते. २०२१ च्या नियमाने ही मर्यादा ४० टक्के केली. त्याच वर्षी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट्स आता एका ऑनलाइन खात्यात जमा होणार. महाराष्ट्रात नवे शैक्षणिक धोरण पदव्युत्तरला २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत पदवीला २०२४-२५ पासून लागू झाले. थोडक्यात, लॉगिन करता येणे हा आता पदवीचाच भाग झाला आहे. ते जमले नाही तर हुशारी असूनही क्रेडिट अडकते.

खुले म्हणजे काय, हे महाडने शिकवले

मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव केला आणि चवदार तळे खुले झाले. कागदावर! प्रत्यक्षात तिथले पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि त्या दिवशी आपल्या माणसांची डोकी फुटली. न्यायालयातला वाद तर मार्च १९३७ पर्यंत चालला.

तेव्हाची मारहाण आणि आजचे लॉगिन एकच आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण महाडने एक कसोटी दिली आहे. एखादी गोष्ट खुली आहे की नाही, हे ठराव करणाऱ्याने सांगायचे नसते. ज्याच्यासाठी ती खुली केली, तो तिथपर्यंत पोचला का, यावरून ते ठरते. हीच कसोटी पोर्टलला लावा.

वर्ध्यात 'ऑनलाइन' कसे दिसते

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. शहरात हेच आकडे २३.४ आणि ४२ टक्के होते. स्वयम् सुरू झाले ते याच काळात. त्यानंतर मोबाइल वाढले हे खरे. पण मोबाइल कुणाच्या हातात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात इंटरनेट एकदा तरी वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३८ टक्के होत्या आणि पुरुष सुमारे ६१ टक्के. घरात एकच चांगला फोन असेल तर तो भावाकडे किंवा बापाकडे असतो. बाप कामावर गेला की ओटीपीही त्याच्यासोबत कामावर जातो. मुलगी संध्याकाळपर्यंत वाट बघते. तोवर त्या ओटीपीची मुदत संपलेली असते.

आता वेळापत्रक बघा. स्वयम्‌चे एक सत्र जुलैत सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे निंदण असते, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि त्यापुढे कापूस वेचणी. आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडची आपली बहुतेक पोरे स्वतःच्या वावरात नाही, दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. त्याच महिन्यांत दर आठवड्याची असाइनमेंट असते आणि तिची मुदत कुणासाठी थांबत नाही. एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटना मिळून २५ गुण आणि परीक्षाकेंद्रावरच्या परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० असे दोन्हीकडे स्वतंत्र गुण लागतात. ज्याचे पाच आठवडे वेचणीत गेले, त्याच्या हातात सातच असाइनमेंट उरतात. त्याने आळस केला, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

भाषेचा अडथळा त्याहून मोठा. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत, काही हिंदीत. पहिलीपासून पदवीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी विषय समजू शकत नाही असे नाही. व्याख्यान थांबवून कुणी दोन वाक्ये मराठीत समजावली की ती पुढचे स्वतः सांगते. पण थांबवून सांगणारे माणूस पोर्टलवर नसते.

आणि नावाचे स्पेलिंग! दहावीच्या गुणपत्रिकेवर 'सिद्धार्थ' इंग्रजीत एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या पद्धतीने. एका 'डी'चा फरक. शाळेत नाव घालताना बापाने तोंडी सांगितले, लिहिणाऱ्याने त्याच्या मनाने लिहिले. पुढे क्रेडिटचे खाते काढताना हीच अक्षरे आडवी येतात. ज्या घरात दोन पिढ्या कागद सांभाळणारे लोक आहेत, तिथे हे वेळीच दुरुस्त झालेले असते. आपल्याकडे ते तिसऱ्या सत्रात कळते.

'पडद्याला जात दिसत नाही'

हा युक्तिवाद आपल्याच शिकलेल्या लोकांकडून ऐकला की जास्त वाईट वाटते. वर्गात प्राध्यापक आडनाव विचारतो, संगणक विचारत नाही, म्हणून ऑनलाइन शिक्षण जातिमुक्त, असे ते म्हणतात. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही याला उत्तर देईल. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू याने ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले, ते हेच आहे. घरातले पुस्तक, घरातली भाषा, चुकलो तर विचारायला घरात असलेला माणूस. शाळा सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका देते आणि हे भांडवल ज्याच्याकडे आहे त्याला पुढे नेते, वर त्याला गुणवत्ता म्हणते.

वर्गात निदान एक शिक्षक असतो. तो वाईट असेल तर त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते, चांगला असेल तर तो मागे राहिलेल्याला हात देतो. पोर्टलवर मागे राहिलेला कुणाला दिसतच नाही. त्याचे नाव नोंदणीत असते, निकालात नसते आणि मधे काय झाले हे कुणी विचारत नाही. म्हणजे पडद्याला जात दिसत नाही हे खरेच आहे. म्हणून तर जातीने केलेले नुकसानही त्याला दिसत नाही.

रीलचा टोमणा मारणाऱ्यांनाही एक सांगतो. रील बघायला ईमेल लागत नाही, इंग्रजी लागत नाही, मुदत नसते, फी नसते. ज्या कंपनीला पोरांचे डोळे हवेत, तिने वाट गुळगुळीत केली. ज्या व्यवस्थेने पोरांना शिकवायचे, तिने पायरीपायरीवर अडथळे ठेवले. दोष पोरांचा?

हा प्रश्न किती खोल जातो हे देशाने एकदा पाहिले आहे. १ जून २०२० रोजी केरळात शाळांचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका दलित शाळकरी मुलीने जीव दिला. बाप रोजमजूर, घरातला टीव्ही बंद, स्मार्टफोन नाही. शिक्षणात सर्वांत पुढे म्हणून मिरवणाऱ्या राज्यात हे घडले. आपल्या जिल्ह्यात कुणी एवढ्या टोकाला जाण्याची वाट बघायची का? बहुतेक मुले टोकाला जात नाहीत. ती मुकाट्याने नाव काढतात आणि पुणे-नागपूरला सिक्युरिटीच्या नोकरीला लागतात. त्याची बातमी होत नाही.

'हे फॉर्म भरायचे काम आहे, चळवळ नाही'

आता आपल्या घरातले बोलू. विहारात मुलांना घेऊन बसतो म्हटल्यावर काही ज्येष्ठ कार्यकर्ते हसतात. त्यांच्या मते मोर्चा ही चळवळ, निवेदन ही चळवळ, मंचावरचे भाषण ही चळवळ, आणि पोराला पासवर्ड बदलायला शिकवणे म्हणजे नेट कॅफेचे काम.

मग हे काम नेट कॅफेच करतो. गरजू गिऱ्हाईक अडलेले असते, तितका त्याचा दर असतो. ईमेल तोच काढतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो, कधी मोबाइल नंबरही त्याचाच टाकलेला असतो. मुलगा पदवीला आहे आणि त्याच्या पदवीची चावी कॅफेवाल्याच्या वहीत आहे. यापेक्षा मोठे परावलंबन कोणते? स्वावलंबनावर तासभर बोलणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना हे दिसत नाही का?

बाबासाहेबांनी असल्या 'बारीक' कामाला कमी लेखले नाही. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना येता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. वेळापत्रक ही किती साधी गोष्ट! पण त्या एका गोष्टीवर कोण शिकणार आणि कोण नाही हे ठरत होते. घटना लिहिणाऱ्या माणसाला वर्गाची वेळ महत्त्वाची वाटली. आणि आपल्याला लॉगिन क्षुल्लक वाटते?

गावोगाव आपली विहारे आहेत. बहुतेक ठिकाणी सकाळ-संध्याकाळ वंदना होते आणि उरलेला दिवस कुलूप असते. जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी जमते, पण विहारात वर्षभर इंटरनेट आणि एक जुना संगणक ठेवायचा म्हटले की पैसे नसतात. आम्ही जयंतीच्या विरोधात नाही. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा या कामाला काढा, एवढेच म्हणतो.

मदत कशी करायची आणि कशी नाही

वर्धा म्हटले की लोकांना सेवाग्राम आठवते आणि मदत म्हटले की सेवा. या शब्दाशी आपले जुने भांडण आहे. पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे सचिव अ. वि. ठक्कर यांना बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी पत्र लिहिले होते. त्यातला मुद्दा असा की, एकेका व्यक्तीला सुधारत बसण्याने अस्पृश्यांचा प्रश्न सुटणार नाही. विहिरी, शाळा, सार्वजनिक वाहने यांवरचे नागरी हक्क मिळवण्यासाठी मोहीम चालवली पाहिजे आणि संधीची समानता आणली पाहिजे. संस्थेने तो मार्ग धरला नाही. ती सेवेच्या वाटेने गेली.

आजही तेच दोन मार्ग आहेत. 'बिचाऱ्या पोरांची' असाइनमेंट आपणच भरून देणे ही सेवा. टेलिग्रामवरून आयती उत्तरे आणून देणे ही तर सेवाही नाही, फसवणूक आहे. २५ पैकी २५ मिळतील, पण ७५ गुणांच्या परीक्षेला केंद्रावर ती मुलगी एकटीच बसणार आहे. तिथे टेलिग्राम नसते.

आमची पद्धत साधी आहे. फोन विद्यार्थ्याच्याच हातात राहतो, आम्ही बोट लावत नाही. ईमेल त्याचा स्वतःचा, पासवर्ड त्याच्या स्वतःच्या वहीत. नाव नोंदवण्याआधी महाविद्यालयाने मान्य केलेल्या अभ्यासक्रमांची यादी मागून घ्यायची, कारण यादीबाहेरचा अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी त्याचे क्रेडिट मिळेलच असे नाही. सगळ्या मुदती मोठ्या कागदावर लिहून विहाराच्या भिंतीला लावायच्या. व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघायचा, दर पाच-सात मिनिटांनी थांबवायचा आणि एकाने तो भाग मराठीत सांगायचा. सोबतचे वाचनसाहित्य विहारात उतरवून घ्यायचे, म्हणजे घरी रेंज नसली तरी वाचता येते. आणि एक गोष्ट दहा वेळा सांगायची: अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे फुकट आहे, पण परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिला फी लागते आणि तिची मुदतही वेगळी असते. सगळ्या असाइनमेंट करून परीक्षेची नोंदणीच राहिली, असे अनेकांचे होते. हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

पण इथेच थांबलो तर आपणही सेवक संघच झालो. म्हणून प्रत्येक अडचणीची आम्ही नोंद ठेवतो. तारीख, काय अडले, स्क्रीनचा फोटो, महाविद्यालयात कुणाला सांगितले, काय उत्तर मिळाले. त्याचा उपयोग पुढे होतो.

नियम आपल्या बाजूने आहे, तो वापरा

बहुतेक कार्यकर्त्यांना हे माहीत नसते की, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या स्वयम्‌विषयीच्या नियमांतच महाविद्यालयाची जबाबदारी लिहिलेली आहे. विद्यार्थी जिथे शिकतो त्या संस्थेने अभ्यासक्रमासाठी लागणारी प्रयोगशाळा, संगणक, ग्रंथालय या सोयी विनामूल्य आणि पुरेशा प्रमाणात द्यायच्या आहेत. शिवाय विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायला समन्वयक नेमायचा आहे. विनामूल्य, पुरेशा आणि नेमलेला, हे तीन शब्द पाठ करा.

आता तुमच्या महाविद्यालयात जाऊन बघा. संगणक कक्षाला कुलूप आहे का? समन्वयक कोण, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणाला सांगता येते का? नसेल तर हा बोले ठराव झाला आणि तळे अजून बंदच आहे. म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. प्रत्येक महाविद्यालयाने स्वयम् समन्वयकाचे नाव आणि भेटण्याची वेळ सूचना फलकावर लावावी.

२. संगणक कक्ष महाविद्यालयाच्या वेळेनंतरही दोन तास आणि सुटीच्या एका दिवशी उघडा ठेवावा. मजुरी करून शिकणाऱ्याला दुपारी बारा ते तीनचा उपयोग नाही.

३. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी निवडलेल्या अभ्यासक्रमाला आठवड्याला किमान एक मराठी तास प्रत्यक्ष वर्गात व्हावा.

४. ज्याला ऑनलाइन विषय घेणे शक्य नाही, त्याला तोच किंवा बरोबरीचा विषय वर्गात शिकण्याचा पर्याय असावा. पर्याय नसेल तर त्याला निवड म्हणू नये.

५. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांची परीक्षेची फी आणि केंद्रापर्यंतचा प्रवासखर्च संस्थेने किंवा समाजकल्याण विभागाने द्यावा. आष्टीच्या मुलीला केंद्र नागपूरला मिळाले तर तिची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे कोण देणार?

हे तोंडी सांगून होणार नाही. आधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली विचारा: किती संगणक चालू आहेत, समन्वयक कोण, गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले आणि किती उत्तीर्ण झाले. अर्जाला दहा रुपये लागतात. नोंदणी आणि निकाल यांच्यातला फरक महाविद्यालयाने स्वतःच्या सहीने दिला की मग 'समान संधी' हा शब्द भाषणात वापरणे त्यांना जड जाईल. तो कागद घेऊन विद्यापीठाकडे जाता येते, समाजकल्याण कार्यालयात जाता येते आणि गरज पडली तर रस्त्यावरही येता येते. मोर्चाला आमचा विरोध कधीच नव्हता. हातात पुरावा घेऊन मोर्चा काढा, असे आमचे म्हणणे आहे.

तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांनी एक तरी ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्यांना आमचे सांगणे आहे. तुमच्या गावच्या विहाराची चावी मागून घ्या. आठवड्यातले दोन तास ठरवा आणि तुमच्या मागच्या वर्षातल्या पाच मुलामुलींना, त्यातही मुलींना आधी, बोलवा. त्यांचा फोन त्यांच्याच हातात राहू द्या. पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत एक वही सुरू करा, ज्यात एका बाजूला ते काय शिकले आणि दुसऱ्या बाजूला कुठे अडले हे लिहिलेले असेल. सत्र संपले की दुसऱ्या बाजूची यादी घेऊन सगळे मिळून प्राचार्यांच्या दारात उभे राहा. पुढच्या सत्राची नोंदणी सुरू व्हायला फार दिवस नाहीत.

जय भीम!